पाय लागला तर

पलकनं बॉल खाली ठेवला, वाकून समोरच्या मुलीच्या बुटाला हात लावला आणि तोच हात आपल्या छातीला लावला.

तिचा पाय त्या मुलीच्या पायावर पडला होता. पाय लागला की पाया पडायचं, हे पलकला बोलता येण्याआधीपासून येत होतं. बास्केटबॉल यंदा आला. समोरच्या उंच मुलीनं बॉल उचलला आणि कुणी अडवत नाही हे बघून निवांत बास्केट करून आली.

जालन्याला मुलींच्या जिल्हा स्पर्धेतली पहिलीच मॅच चालू होती. एका बाजूला शहरातली इंग्रजी शाळा. सगळ्या मुलींचे बूट एका रंगाचे. दुसऱ्या बाजूला पलकची, जाफराबादची शाळा; सगळ्या मुलींच्या पायात काही ना काही होतं.

नागसेन सरांनी टाइम-आउट मागितला. सर इतिहास शिकवायचे. शिक्षकांत सगळ्यांत उंच तेच, म्हणून हा खेळही त्यांच्याकडे आला होता.

"पलक, हा कितवा नमस्कार?"

"चौथा, सर."

"त्यातून त्यांच्या बास्केट किती झाल्या?"

"तीन," कॅप्टन अक्षता म्हणाली. "एक तिचीच हुकली."

"आता मॅच संपेपर्यंत कोणी कोणाच्या पाया पडायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

"मंग पाप लागंल की, सर," पलक म्हणाली.

"ते माझ्याकडं लावून द्या."

"पण सर, तुम्ही तर पाप-पुण्य मानत न्हाईत," अक्षता म्हणाली.

"म्हणून तर. सगळी जागा रिकामी आहे."

पोरी हसल्या. सर हसले नाहीत. समोर मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर संस्थेचे अध्यक्ष अंगदराव बसले होते. शाळेच्या सिमेंटच्या ग्राउंडवर दरवर्षी दिवाळीआधी त्यांचं सोयाबीन वाळायचं. यंदा तिथं सरांनी रिंग उभी केली. "एक मॅच जिंका, ग्राउंड पोरींचं. न्हाई तर रिंग काढायची अन् सोयाबीन टाकायचं," असा अध्यक्षांचा शब्द होता. हरेल त्यानं घरी जायचं अशी ही स्पर्धा, त्यामुळे ती एक मॅच म्हणजे हीच. अध्यक्ष तयारीनं आले होते. त्यांची भरलेली ट्रॉली जाफराबादला शाळेच्या फाटकापाशी उभी होती.

शिट्टी झाली. जाफराबाद एक गुण मागे, मिनिटभर खेळ बाकी.

अक्षतानं बॉल हिसकावला. वर्गात जिनं कधी कुणाचा खोडरबरसुद्धा न विचारता घेतला नाही, तिनं हिसकावला आणि पलककडे फेकला. पलक सुटली. बाकावरच्या पोरी बाकावर चढल्या. अंगदराव खुर्चीवर चढले. सकाळपर्यंत ते या खेळाला 'चेंडू टोपलीत टाकायचं खूळ' म्हणत होते.

"पायाकडं बघू नको, पोरी. बॉल बघ, बॉल," ते ओरडत होते. खुर्चीचा एक पाय वाकला, तरी ते उतरले नाहीत.

रिंगखाली तीच उंच मुलगी उभी होती. ती आडवी आली आणि या वेळी तिचाच बूट पलकच्या पायावर पडला, चांगला वजनासकट.

पलक थांबली. उंच मुलगीही थांबली. आणि मग ती वाकली. इंग्रजी शाळेनं तिला पुष्कळ काही शिकवलं असेल, पण हे घरून आलं होतं. तिचा हात पलकच्या पायापर्यंत पोचला, तेव्हा रिंग आणि पलक यांच्यामध्ये कोणीच उरलं नव्हतं.

पलकनं सरांकडे पाहिलं. सरांनी रिंगकडे बोट केलं.

बॉल कडीवर फिरला, पुन्हा फिरला, जरा विचारात पडला आणि आत गेला. लगेच मॅच संपल्याची शिट्टी झाली.

मग काही वेळ कुणालाच कुणाचं ऐकू आलं नाही. पोरी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि जिचा पाय जिला लागेल तिला लागत होता. इंग्रजी शाळेच्या मॅडम ही फसवणूक असल्याचं पंचांना सांगत होत्या. पंच म्हणाले, "मॅडम, नियमांत नमस्कारच नाही. मी काय देऊ?"

पलक तेवढी घोळक्यातून निघून सरांपाशी आली.

"सर, ती वाकली अन् मी थांबले न्हाई."

"माझ्याकडं लावायचं ठरलंय ना?"

"ते पाया न पडल्याचं ठरलं होतं. हे वेगळं आहे."

सरांनी आजवर पुष्कळ लढाया शिकवल्या होत्या. जिंकलेल्यांपैकी कोणी असं काही विचारायला आलं नव्हतं. पलकनं जरा वाट पाहिली आणि ती उंच मुलीकडे चालत गेली. दोघी काय बोलल्या ते सरांना ऐकू आलं नाही, कारण शेजारी अंगदराव फोनवर ट्रॅक्टरवाल्या कडूबावर ओरडत होते.

"ट्रॉली वळव, कडूबा. माझ्या गच्चीवर टाक सगळं... जिन्यानं, दुसरं कशानं? एक एक पोतं ने. जल्दी कर."

पलीकडून कडूबा बराच वेळ बोलला. त्यात 'मालकीण' हा शब्द सरांनाही ऐकू आला. अंगदराव ऐकत होते, पण त्यांची नजर मैदानावरून हलत नव्हती.

"विचारलं तर सांग तिला," ते म्हणाले, "ग्राउंडवर पोरी खेळून राह्यल्या म्हणाव."