पत्र्यावरची तीन तेलं

निरंजनने पत्रा तिरका धरला. बंदुकीचं खास तेल सरसर ओघळलं. शिलाई मशीनचं जरा रेंगाळलं. करडईचं मात्र डिंकासारखं जागीच चिकटून बसलं.

"उन्हात राहिलं की खायच्या तेलाचा असा चिकटा होतो, काकू."

निरंजन लातूरचा. हिंजवडीत नोकरी, कोळवणात तुळजाबाईकडे भाड्याची खोली आणि सुट्टीला नेमबाजीचा नाद. तेलं पारखायची गळ तुळजाबाईनेच घातली होती. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली नवऱ्याची परवान्याची बंदूक गंजून परत आली होती. भातात रानडुकरं शिरत होती. आणि बंदूक पुसून तेल घालायचं काम लग्नापासून तिच्याचकडे.

"अन् ह्यो खिळा?"

"एकेक तेल लावून तीन खिळे मिठाच्या पाण्यात ठेवले होते. खास तेलाचा बघा, लखलखीत. बाकीचे तांबारले."

"मंग चाप वढला की घोडा आपटंल?"

"या तेलाने आपटणारच. करडईने अर्ध्यावर रुतेल."

"नक्की? आयत्या टायमाला दगा व्हायचा न्हाई न्हवं? माजा जीव टांगणीला लागलाय, दादा."

खरंच लागला होता. नवऱ्याने, भैरूने बंदूक उचलली, चाप ओढला आणि पुढे काय? या एका विचाराने तिची झोप उडाली होती. निरंजनने आपल्याकडची खास तेलाची नवी बाटली तिच्या हातात ठेवली.

भैरू ओसरीवर बसला होता. काडतुसांच्या पेटीची किल्ली करगोट्याला. धाकट्या भावाने, कोंडिबाने वाटणीचं रान पुण्याच्या माणसाला विकायला काढलं, बांधावरून तंटा पेटला, तेव्हापासून घरात तो धड बोलतच नव्हता.

"आनलंस तेल?"

"व्हय. पारखून आनलंय."

"घाल मंग. हयगय नगं."

तिने बंदूक आत नेली, खोलली आणि सांध्यासांध्यात तेल जिरवलं.

पुढे डुकरं आली, भात तुडवून गेली. भैरू जागचा हलला नाही. "काडतूस फुकट न्हाई घालवायचं," एवढंच म्हणाला.

दिवाळी सरल्यावर रानाची सरकारी मोजणी आली. भूकरमापकाने खुणा करायला घेतल्या आणि कोंडिबाने बांधावर पाय ठेवला. भैरू बंदूक घेऊन ओसरीवरून उतरला. भरदिवसा, चार माणसांदेखत त्याने भावाच्या छातीवर नेम धरला.

त्याने चाप ओढला. घोडा अर्ध्यावर रुतला. पुन्हा ओढेस्तोवर माणसांनी बंदूक हिसकावून घेतली.

तुळजाबाई चुलीपुढे मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. समोर फडताळात निरंजनची बाटली होती, सीलसुद्धा न तोडलेली.