दोन्ही बाजू

अष्टमीच्या सकाळी मनोरमेच्या आईच्या अंगात ताप होता. तरी रूपाभवानीच्या नैवेद्याचा स्वयंपाक ओलेत्यानेच झाला पाहिजे, असं आत्याबाईंनी बजावलं.

"वन्सं, आजच्या दिवस कोरडं नेसू द्या की," आई म्हणाली आणि तिने ओसरीवरच्या नवऱ्याकडे, अण्णांकडे पाहिलं.

इटलीने अबिसीनियावर चाल केल्याची बातमी वाचण्यात अण्णा गढले होते. मान वर न करता ते म्हणाले, "दोघींनी थोडं समजुतीनं घ्या."

आईने आडाचं गार पाणी अंगावर ओतून घेतलं. नवव्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने अण्णांचा जागतिक राजकारणाचा वर्ग पुन्हा ओसरीवर भरला. राष्ट्रसंघाचं कुठे चुकलं, ते अण्णा कॉलेजच्या मुलांना आवाज चढवून सांगत होते.

"मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला एकाच सुरात समजावणारा तटस्थ नसतो. तो मारणाऱ्याचा साथीदार असतो!"

मुलं माना डोलवू लागली. चहा घेऊन आलेल्या मनोरमेने तबक खाली आपटलं. अण्णांसमोर तिने जन्मात कधी ब्र काढला नव्हता.

"मग अण्णा, आईचा जीव आत्यानं एकटीनं नाही घेतला."