बग्गीचा नवा टप

त्र्यंबकराव कचेरीत रजा टाकून ठाण्याच्या घरी अंगणातच बग्गीचा नवा टप शिवायला बसले होते. जुना पार फाटला होता, आणि कारागिराला बोलावलं तर एवढी घाई कशाला, ते सांगावं लागलं असतं. कल्याणला दिलेली त्यांची मथू विधवा झाली होती. सासरच्यांनी तिचं केशवपन केलं होतं. उद्या तिला माहेरी आणायचं होतं.

दाभण सारखं बोटात घुसत होतं. जानकीबाई आत-बाहेर करत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अहो, टप चांगला खालपर्यंत येऊ दे. वाटेत कुणाच्या नजरेला पडायला नको पोर."

दुसऱ्या दिवशी कल्याणहून निघताना त्र्यंबकरावांनी टप पुढे ओढून घेतला. मथू आत अंग चोरून बसली. शीळच्या माळावर आल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, इतके महिने अंधाऱ्या खोलीतच होते मी. हे उघडा ना. डोक्याला वारा लागू दे."



संध्याकाळी ठाण्याच्या भर बाजारातून त्र्यंबकरावांची बग्गी सावकाश गेली, टप मागे टाकून.