शालनआत्याचे डाग

साखरपुड्याआधी सासरी पाठवायच्या अल्बममध्ये केतकीने शालनआत्याच्या चेहऱ्यावरचं कोड एका फोटोतून पुसलं आणि ‘सगळ्या फोटोंना लागू करा’वर बोट ठेवलं. हल्ली अल्बममधला फोटो बदलला की त्यातल्या माणसाची स्वतःबद्दलची आठवणही बदलते, हे ती घाईत विसरली.

दुसऱ्या दिवशी आत्या आरशासमोर थिजून उभी होती.

“केतकी, हे डाग कधी आले गं? काल तर नव्हते!”

तेच डाग घेऊन आत्या तीस वर्षं प्रत्येक फोटोत पुढच्या रांगेत हसत उभी राहिली होती. केतकीने मूळ फोटो शोधले, पण तिने ते ठेवलेच नव्हते.

आत्याने पदर तोंडावर ओढला. “तुझ्या सासरच्यांसमोर मी येत नाही हं, बाळा. त्यांना काय वाटेल?”

काल डाग पुसताना केतकीच्या मनात अगदी हेच आलं होतं.