सरळ रेघ

"हिला साधी रेघ सरळ काढता येत नाही, ही काय दिवे लावणार!" असं म्हणत चित्रकलेच्या सरांनी भर वर्गात माझी वही भिरकावली होती.

वीस वर्षांनी तेच सर माझ्या लॅबमध्ये आले, जबड्याच्या हाडाचा तुकडा शस्त्रक्रियेत काढलेला. लेझरने केसाहून बारीक जाळी विणायची, ती काढलेल्या हाडाच्या जागी बसवली की तिच्यावर नवं हाड वाढतं, हे माझं काम.

त्यांनी मला ओळखलं नाही. "मॅडम, तुमच्या हाताला तोड नाही म्हणतात. माझंही तेवढं नीट करा."

"अगदी मनापासून करते, सर."



आता सरांच्या जबड्यात हाड वाढतंय ते त्यांच्याच त्या वाक्यावर. जाळीत मी ते अक्षर न् अक्षर विणलंय, आणि एकही रेघ वाकडी नाही.