काचेवरचं लाल 'एल'

लायसन्स हातात आलं, पण गाडीच्या विम्याचा हप्ता ऐकून तिचे डोळेच फिरले. एजंट म्हणाला, "नवख्या चालकाला कंपन्या टरकूनच असतात. घरातल्या एखाद्या जुन्या चालकाचं नाव सोबत घाला, हप्ता निम्म्यावर येईल."

घरात जुने चालक म्हणजे बाबा. पंचवीस वर्षं गाडी चालवत होते, तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. पण विम्याचा विषय निघाला की ते चहाचा कप उचलून गॅलरीत जायचे आणि तिथूनच "बघू" म्हणायचे. चौथ्यांदा "बघू" ऐकलं तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी कुठेतरी ठोकणार आणि आपलं नाव खराब होणार, हीच भीती असणार त्यांना.

शनिवारी सकाळी ती गाडीपाशी गेली आणि तिची खात्रीच पटली. शिकाऊ चालकाचं लाल 'एल' तिने पास झाल्या दिवशी नखांनी खरवडून काढलं होतं. आज मागच्या काचेवर नवं कोरं 'एल' चिकटवलेलं होतं.

ती तणतणत घरात आली. "बाबा, मी पास झालेय. मग ते 'एल' कुणासाठी लावलंय?"

बाबांनी आधी स्वयंपाकघरात आई ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून गाडीच्या किल्लीबरोबर हळूच तिच्यापुढे सरकवला.



"माझ्यासाठी. शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवालं कुणीतरी बसावं लागतं म्हणे, आणि आपल्या घरात तशी तू एकटीच आहेस."