रशियन बोलणारं यंत्र

“बोला,” दुकानदार म्हणाला. “गावाचं नाव मोठ्यानं बोला. यंत्र ऐकतंय.”

सायरागुलनं सासूकडे पाहिलं. हातातल्या वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या काचेवर एक निळा ठिपका उघडझाप करत होता.

“लाजताय काय, वहिनी? त्याला कान आहेत, डोळे नाहीत.”

“दोन पुलांचं गाव,” ती हळूच म्हणाली.

यंत्रानं बाईच्या आवाजात रशियनमध्ये काहीतरी सुनावलं. जेनिश हसला. त्याचं दुकान म्हणजे नारिन शहराच्या बाजारातला लोखंडी कंटेनर होता. आत आरसे, वायपर आणि रबराचा वास. “असं गावच नाही म्हणते बाई,” तो म्हणाला.

खरं नाव सायरागुलला ठाऊक नव्हतं असं नाही. ती त्याच गावात जन्मली होती. पण गावाला ज्या जुन्या पुढाऱ्याचं नाव दिलेलं होतं, तेच नाव तिच्या सासऱ्याचं होतं. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. सासरा जिवंत असो की नसो, नाव माणसाचं असो की गावाचं. लग्न झालं तेव्हापासून माहेर तिच्या तोंडी ‘दोन पुलांचं गाव’ झालं होतं. बसवाल्यांना ते कळायचं, शेजारणींना कळायचं. यंत्राला कळत नव्हतं.

“मग तुम्ही सांगा, आपा,” जेनिश तिच्या सासूकडे वळला.

“मी? नवऱ्याचं नाव?” तुर्सुनकाननं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “तुझ्या बायकोला हेच शिकवलंयस वाटतं.”

माहेरी सायरागुलची आई अंथरुणाला खिळली होती. गेल्या शरदात सायरागुल एकटीच गाडी घेऊन निघाली होती. घाटापलीकडच्या कुरणात धुकं उतरलं. चाकोऱ्यांना फाटे फुटत गेले, फोनला रेंज नव्हती. ती माघारी आली. “वाट दाखवणारं यंत्र आणू, मग जा,” सासू तेव्हा म्हणाली होती. पुढे बर्फ पडलं, घाट बंद झाला. नवरा मिरलान सायबेरियात बांधकामावर. हल्ली त्याचे फोन फक्त सासूला यायचे. आता घाट उघडला होता, आणि आज न्याहारीला सासू आपणहून म्हणाली, “चल, ते यंत्र बघू. तुला त्यातलं कळतं, तू पारख.” सायरागुलनं अर्धा चहा टाकून गाडी काढली होती.

तिनं पहिलं यंत्र खाली ठेवलं आणि फळीवरचं दुसरं उचललं.

“यात अक्षांश-रेखांश भरता येतात?”

“येतात की. पण डोंगर चढायला येणारे परदेशी सोडले तर भरतंय कोण?”

सायरागुलनं भरले. लग्नाआधी ती शाळेत भूगोल शिकवायची. गावाचे आकडे पोरांकडून पाठ करून घ्यायची. काचेवर घाट आला, कुरणातली नेमकी वाट आली, शेवटी नदी आली आणि नदीवरचे दोन पूल. तोंडातून अक्षर न काढता ती आईच्या दारात पोचली होती.

“आपा, हे घेऊ,” ती घाईनं म्हणाली. “नकाशा आतच आहे, रेंज लागत नाही. अक्षरंही आपल्या भाषेत आहेत.”

“बोलतं का?”

“नाही, नुसतं दाखवतं.”

“मग नको. पहिलंच घे.”

“ते फक्त रशियन बोलतं, आपा. मला अर्धंही कळत नाही.”

“रशियनच हवं. आकड्यांवर गाडी हाकतात का कुणी? भूगोल शिकवू नकोस मला. बांध रे ते पहिलं.”

सायरागुलला सासूचा कावा उमगला. सुनेला यंत्र घेऊन दिलं, हे सांगत गावभर मिरवायचं. आणि यंत्र असं, की नाव घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही. म्हणजे सून घरातच.

जेनिश खोका शोधत होता. भावाचं परवाचं फोनवरचं बोलणं तिला आठवलं. आई रोज सकाळी विचारते, घाट उघडला का.

तिनं पहिलं यंत्र उचलून तोंडाजवळ धरलं.

“केरिमबेक.”

खोका शोधणारा जेनिशचा हात थांबला. दारात सूर्यफुलाच्या बिया विकणारी म्हातारीसुद्धा हातातला मापाचा पेला तसाच धरून बघत राहिली. यंत्रानं मात्र लगेच वाट काढली. सायरागुलनं मान खाली घातली. आता शिव्या येतील, कदाचित हातही उठेल. उठू दे. बोलणी खाईन, पण उद्या पहाटे निघेन.

सासू चिडली नाही. तिनं यंत्र सायरागुलच्या हातातून काढून घेतलं, रुमालाच्या टोकानं काच पुसली आणि जेनिशपुढे ठेवलं.

“चांगलं ऐकू येतं की याला. दे बांधून. मिरलान तिकडून बायको घेऊन येतोय. गाडी आता तीच चालवणार, आणि तिला आपली भाषा येत नाही.”

मग ती सायरागुलकडे वळली. आवाज अगदी मऊ होता.

“तू का मान खाली घालतेस? घे ते नाव, खुशाल घे. बंदी सुनेला असते.”